दुसरे सॉकेट हा खरेच विक्रेत्यांचा कावा आहे का?

वागळे_इस्टेटवाला:
काल येथेच एका सदस्याने लिहिले की लहान कंपनीच्या गळ्यात दोन सॉकेटचा (प्रोसेसर बसवायच्या दोन जागांचा) सर्व्हर मारणे ही लूट आहे, आणि मेमरीची मर्यादा कागदावरची असल्याने रॅम कितीही टाकावी. दुसऱ्या विधानासारख्याच समजुतीवर विसंबून पूर्वी आमचे पैसे बुडाले आहेत, म्हणून सविस्तर लिहितो. २०१८ मध्ये आम्ही दोन सॉकेटचा, रॅमच्या २४ स्लॉटचा सर्व्हर घेतला आणि काटकसर म्हणून प्रोसेसर एकच बसवला. वर्षभराने रॅमच्या १२ नव्या पट्ट्या आणल्या, तेव्हा उरलेले १२ स्लॉट मुके निघाले. रॅम हाताळणारा मेमरी कंट्रोलर आता मदरबोर्डवरच्या चिपसेटमध्ये नसून प्रोसेसरच्या पोटात असतो, त्यामुळे रिकाम्या सॉकेटच्या वाट्याचे स्लॉट केवळ शोभेचे उरतात. विक्रेत्याने हे सांगितले नाही आणि पट्ट्या परतही घेतल्या नाहीत.

वाशी_सेक्टर_१७:
ते विधान माझेच आहे. पुस्तिका न वाचता केलेल्या खरेदीचे खापर माझ्यावर फोडू नये. एएमडीच्या २०१७ च्या एपिक या सर्व्हर प्रोसेसरमध्ये एकाच सॉकेटवर रॅमकडे जाणारे ८ चॅनेल, २ टीबी मेमरी आणि कार्ड व डिस्क जोडायच्या १२८ पीसीआय एक्स्प्रेस लेन मिळत होत्या. दुसरा प्रोसेसर बसवला तरी लेन १२८ च राहतात, कारण प्रत्येकाच्या ६४ लेन परस्परांना जोडण्यात खर्च होतात. मर्यादेचे म्हणाल, तर इंटेलचा त्याच वर्षीचा झिऑन प्लॅटिनम ८१८० प्रोसेसर पाहावा: मर्यादा ७६८ जीबी, किंमत सुमारे १०,००० डॉलर. नावापुढे ‘एम’ लागला की मर्यादा १.५ टीबी आणि किंमत सुमारे १३,०००. एका अक्षराचे ३,००० डॉलर! याला कागदी नाही तर काय म्हणायचे?

ऐरोलीकर:
कुलूप हेतुपुरस्सर लावले आहे हे मान्य, पण ते उघडत नाही तोवर ‘कितीही टाका’ हा सल्ला चुकीचाच ठरतो. शिवाय आपल्या लाडक्या एपिकचे ‘पी’ मॉडेल दुसऱ्या सॉकेटसोबत चालत नाही, तेही कुलूपच. ते स्वस्त मिळते म्हणून आपल्याला दिसत नसावे.

वाशी_सेक्टर_१७:
‘पी’ मध्ये ग्राहक कमी पैसे देतो, ‘एम’ मध्ये जास्त. हा फरक ज्याला कळत नाही, त्याने खरेदी समितीवर बसू नये. २०२० च्या सुरुवातीला इंटेलने ‘एम’ मॉडेल बंद करून त्याहून मोठ्या मेमरीच्या ‘एल’ ची किंमत ‘एम’ च्या पातळीवर आणली. म्हणजे त्या ३,००० डॉलरमागे तांत्रिक कारण नव्हतेच.

नौपाड्याचा_जुना:
मर्यादा म्हणजे काय, हे नव्वदच्या दशकातल्या इंटेलच्या ४३०टीएक्स चिपसेटवाल्यांना विचारावे. ६४ एमबीच्या पुढची रॅम कॅशेत (वेगवान तात्पुरत्या साठ्यात) येत नसे, म्हणून मी हौसेने रॅम वाढवली आणि संगणक आधीपेक्षा मंदावला. पुढे १९९९ मध्ये अबिटच्या बीपी६ मदरबोर्डवर इंटेलचे दोन स्वस्त सेलेरॉन प्रोसेसर एकत्र चालत, ही सोय इंटेलने अधिकृतपणे दिलेलीच नव्हती. नंतरच्या सेलेरॉनमध्ये ती वाटही बुजवली गेली. ही खोड जुनी आहे.

ऐरोलीकर:
आठवण सुरेख आहे, पण प्रश्न आज सर्व्हर कोणता घ्यावा हा आहे.

नौपाड्याचा_जुना:
‘एम’ चे पुराण चालते आणि माझ्या चार ओळी खुपतात! बरे, आजचे बोलतो. एका सॉकेटमध्ये न्यूमाचा (काही रॅम जवळ, काही दूर पडून वेग घटण्याचा) त्रास नाही असा समज असेल, तर पहिल्या एपिकच्या एका सॉकेटमध्येच चिपचे चार तुकडे होते आणि चार न्यूमा नोडही.

महापे_रात्रपाळी:
मी डेटा सेंटरमध्ये काम करतो. निम्मे वाद परवान्यांपाशी संपतात. विंडोज सर्व्हर २०१६ पासून परवाना प्रोसेसरमधल्या कोअरच्या संख्येवर मोजतात आणि एका सर्व्हरला किमान १६ कोअरचा घ्यावाच लागतो. एसक्यूएल सर्व्हर २०१९ या डेटाबेस सॉफ्टवेअरची स्टँडर्ड आवृत्ती बफर पूलसाठी (रॅममध्ये डेटा ठेवण्यासाठी) १२८ जीबीच्या पुढे जात नाही. केवळ तिच्यासाठी १ टीबी रॅम भरणारे ग्राहक मी पाहिले आहेत. मात्र एकाच सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक) असतील, तर प्रोसेसर निवांत असतो आणि रॅम आधी संपते. अशा ठिकाणी दुसरे सॉकेट स्लॉटसाठीच घेतले जाते.

वाशी_सेक्टर_१७:
ठीक आहे, ‘कितीही’ हा शब्द मागे घेतो. ‘पुस्तिका वाचा’ मागे घेत नाही.

वागळे_इस्टेटवाला:
उपकार झाले. शेवटी लॅमिंग्टन रोडवर त्याच मॉडेलचा जुना प्रोसेसर मिळाला आणि १२ ही स्लॉट जागे झाले. त्याला उष्णता काढणारा हीटसिंकही वेगळा लागतो, हे मात्र ठाण्याला परतल्यावर कळले.