ओलिताच्या कुरणात लाकडाची राख टाकावी का?

प्रश्न (रामटेक)
नमस्कार. पेंच कालव्याच्या पाण्यावर माझे दीड एकराचे कुरण आहे. अर्ध्या भागात संकरित नेपिअर गवत आणि उरलेल्यात लसूणघास. खव्याच्या भट्टीत बाभळीचे सरपण जळते व आठवड्याला दोन गोण्या राख निघते. खतांचा खर्च आता झेपत नाही, म्हणून युरिया आणि पोटॅश दोन्ही बंद करून दर कापणीनंतर हीच राख टाकावी असा विचार आहे. जमीन काळी, भारी आहे. जाणकारांनी सल्ला द्यावा.

उत्तर (काटोल)
भाऊ, युरियाची जागा राख घेऊ शकत नाही, कारण युरिया देतो ते नत्र (नायट्रोजन) लाकूड जळताना धुरावाटे निघून जाते आणि मागे साधारण ५ टक्के पोटॅश, थोडे स्फुरद (फॉस्फरस) व मुख्यतः चुना उरतो. कापलेल्या नेपिअरच्या ठोंबाला फुटव्यासाठी नत्रच हवे असते. शिवाय चुना मानवतो तो आम्लधर्मी जमिनीला. आपली काळी माती बहुधा ७.५ ते ८.५ सामूची (पीएच; ७ च्या खाली आम्ल, वर अल्क) असते आणि पोटॅशही तिच्यात सहसा पुरेसे असते. मी संत्र्याच्या दोन ओळींना तीन वर्षे चुलीची राख घातली, तेव्हा नवी पालवी पिवळी आली आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. जमिनीत लोह होते, पण चुन्यामुळे झाडाला ते मिळेना. आपण कोरड्या ढेकळावर लिंबू पिळून पाहावे. फेस आला तर चुनखडी भरपूर आहे असे समजावे.

उत्तर (पारशिवनी)
लसूणघास पोटॅश पुष्कळ उचलतो, म्हणून मी सरसकट नाही म्हणणार नाही. माती परीक्षणात सामू ७ च्या खाली आणि पोटॅश कमी आले, तरच एकरी ४ क्विंटलच्या आत, वर्षातून एकदा, कोरडी राख विस्कटावी. पावसात भिजलेल्या राखेतले पोटॅश आधीच वाहून गेलेले असते. युरियात ती कधीही मिसळू नये, अमोनिया उडून जातो. पाणी देऊन पाने धुतली जाईपर्यंत जनावरे सोडू नयेत. रंगवलेल्या लाकडाची किंवा प्लायवूडची राख तर नकोच, आणि कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची कोळशाची राख ही निराळीच वस्तू आहे.

प्रश्नकर्ता (रामटेक)
दोघांचेही मनापासून आभार. चार ठिकाणच्या ढेकळांवर लिंबू पिळले. तीन ठिकाणी फेस आला, फक्त कालव्याकडील मुरमाड पट्टा शांत राहिला. राख तूर्त कोरड्या खोलीत ठेवली आहे. नेपिअरला शेणाची स्लरी व युरिया चालू ठेवतो आणि मुरमाड पट्ट्याचा नमुना वेगळ्या पिशवीत परीक्षणाला देतो.