गडांवरच्या पाण्याच्या नोंदी आणि मीडियाविकीचा हट्ट

कातळटाकं

आमचा नाशिककडचा भटक्यांचा गट बरीच वर्षं गडांवरच्या पाण्याच्या नोंदी ठेवतो. कोणतं टाकं कुठे, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं, पिण्याजोगं आहे की फक्त भांडी विसळायला. एप्रिलात अलंग-मदन-कुलंगला निघालेल्या माणसाला ही माहिती जिवाच्या मोलाची असते. चुकीच्या नोंदीवर विसंबून वर गेलात तर भर दुपारी कातळावर घसा कोरडा आणि बाटल्या रिकाम्या.

आमचं सुरुवातीचं लिखाण याहू ग्रूप्सवर होतं. 2019 च्या अखेरीस तिथला जुना मजकूर काढला गेला, 15 डिसेंबर 2020 ला सेवाच बंद झाली. ज्यांनी मेल जपून ठेवले होते तेवढंच हाती लागलं. तेव्हा ठरवलं, यापुढे आपल्या जागेत लिहायचं. 1 जीबी रॅमचा लहानसा व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा सर्व्हर, घेतला आणि त्यावर मीडियाविकी (अनेकांनी मिळून लिहायची पानं, म्हणजे विकी, चालवणारं सॉफ्टवेअर) चढवला. विकिपीडिया त्यावर चालतो, म्हणजे तो उत्तमच असणार, एवढाच विचार होता.

बसवणारा मुलगा हुशार होता. पुढे तो शिकायला परदेशी गेला आणि सर्व्हर माझ्याकडे आला. सर्व्हरच्या उबंटू या प्रणालीची नवी आवृत्ती चढवली तर तिच्याबरोबर पीएचपी 8.1 आलं, म्हणजे मीडियाविकी ज्या भाषेवर चालतो तिची नवी आवृत्ती. आमचा मीडियाविकी 1.31 चा, त्याला ते झेपेना. पान पांढरंफटक, त्यावर एक अक्षर नाही. बॅकअप रोज रात्री होतोय हे मला माहीत होतं, म्हणून नवा सर्व्हर घेतला, जुना सोडून दिला आणि डेटाबेसचा डंप (पूर्ण उतारा) नव्यावर भरला. पानं उघडली. मजकूर होता. फोटोंच्या जागी मात्र प्रत्येक पानावर रिकाम्या चौकटी. क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत, फक्त डेटाबेसच्या डंपची ओळ होती. चित्रं ज्या इमेजेस फोल्डरात असतात ते कधी कॉपीच झालं नव्हतं, आणि जुना सर्व्हर तोवर पुसला गेला होता.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. विकी आपल्याच सर्व्हरवर हवा, पण सॉफ्टवेअर निवडताना बसवणाऱ्याचा विचार करू नये. तो निघून गेल्यावर ज्याच्या गळ्यात पडणार त्याचा करावा. म्हणून लहान गटाला डोकुविकी, विकीचंच दुसरं सॉफ्टवेअर. आम्हीही आता त्यावरच आहोत. त्याला डेटाबेस लागत नाही. प्रत्येक पान म्हणजे साधी टेक्स्ट फाइल, जुन्या आवृत्त्या शेजारच्या ॲटिक फोल्डरात, फोटो मीडिया फोल्डरात. डेटा आणि कॉन्फ (सेटिंग्जचा) हे दोन फोल्डर उचलले की विकी उचलला. सर्व्हर जळाला तरी नोटपॅडमध्ये उघडून वाचता येईल. ज्यांना पटत नाही त्यांनी सविस्तर लिहा, मला ऐकायचं आहे.

सह्यसर्व्हर

असहमत. तुमच्या फोटोंचं वाचून वाईट वाटलं, पण तो घोटाळा क्रॉनच्या एका ओळीचा होता. मीडियाविकीच्या बॅकअपला तीन गोष्टी लागतात: डेटाबेस, इमेजेस फोल्डर आणि लोकलसेटिंग्ज ही सेटिंगची फाइल. डोकुविकीतही कोणी पेजेस फोल्डर तेवढा कॉपी करून मीडिया विसरला असता तर हेच झालं असतं.

आता डोकुविकीची एक गोष्ट मराठी माणसाने आधी समजून घ्यायला हवी. तो पानाच्या नावाचीच फाइल बनवतो, आणि मूळ सेटिंगमध्ये नाव यूआरएलच्या (वेबपत्त्याच्या) पद्धतीने सांकेतिक करून लिहितो. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-8 या अक्षरसंकेतात 3 बाइटचं असतं, टक्केचिन्हांसकट लिहिलं की 9 बाइटचं होतं. लिनक्सवर फाइलच्या नावाला 255 बाइटची मर्यादा. म्हणजे नाव 27 चिन्हांच्या पुढे जात नाही, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगवेगळी मोजली जातात. "हरिश्चंद्रगडावरील सप्ततीर्थ पुष्करणी" हे नाव घ्या. 34 चिन्हं, 306 बाइट. पान जतनच होणार नाही. इंग्रजीत लिहिणाऱ्याच्या हे आयुष्यात लक्षात येत नाही, आपल्याला दुसऱ्याच दिवशी ठेच लागते. मीडियाविकीत शीर्षकाला 255 बाइट मिळतात, म्हणजे देवनागरीची 85 चिन्हं. हेच नाव तिथे आरामात बसतं.

राहिला डेटाबेस सर्व्हरचा जाच. मीडियाविकी एसक्यूलाइटवरही चालतो, सगळा डेटाबेस एका फाइलीत. चार-सहा लोक लिहिणारे असतील तर तेवढं पुरतं आणि 1 जीबी रॅमही पुरते. आणि 1.35 पासून व्हिज्युअल एडिटर (बटणांनी संपादन करायची सोय) सोबतच येतो, त्यासाठी सर्व्हरवर वेगळी सेवा चालवावी लागत नाही. तुमच्या गटात कंसांची आणि चिन्हांची भाषा न येणारे लोक असतीलच. त्यांच्याकडून लिहून घ्यायचं असेल तर हाच मुद्दा सगळ्यात मोठा आहे.

नकाशेवाला

मला मुळात विकीच कशाला हे कळत नाहीये. टाक्याची जागा ही नकाशावरची गोष्ट. ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर टाका, पाणी पिण्याजोगं आहे की नाही, बारमाही की हंगामी, हे सगळं टॅगमध्ये लिहिता येतं. नकाशा फोनवर आधीच उतरवून घेतला की रेंज नसलेल्या घळीतही दिसतो. तुमचा विकी कुलंगच्या माथ्यावर उघडणार आहे का? सर्व्हर नको, बॅकअप नको, डोमेनचं नूतनीकरण नको.

कातळटाकं

नकाशेवाला, जागेपुरतं शंभर टक्के मान्य, आणि आम्ही ते करायला हवं होतं. पण "डावीकडच्या टाक्यात मेलेलं माकड सापडलं होतं, पावसाळा होऊन गेल्यावर उपसून साफ केलं, तरी उकळूनच प्या" हे टॅगमध्ये कसं लिहिणार? नोंद कोणी, कधी, कोणत्या महिन्यात केली यावर तिची किंमत ठरते. विकिपीडियावरही ते चालणार नाही, तिथे स्वतःचं निरीक्षण संदर्भाशिवाय टिकत नाही, आणि तो नियम योग्यच आहे. असं लिखाण ठेवायला आपलीच जागा लागते.

सह्यसर्व्हर, नावाच्या लांबीचं मला माहीत नव्हतं. आमची पानांची नावं आखूड आहेत ("कुलंग", "साल्हेर") म्हणून लागलं नसावं. शोधलं तर फाइलनावांची पद्धत सांगणारं एक सेटिंग आहे, ते यूटीएफ-8 केलं की मर्यादा 83 च्या आसपास जाते. मात्र हे पहिलं पान लिहायच्या आधी करायला हवं. नंतर बदललं तर जुनी पानं त्याला सापडत नाहीत, फाइलींची नावं बदलत बसावं लागतं. धाग्याचा एवढा जरी उपयोग झाला तरी भरून पावलो.

माई

मी यातली तज्ज्ञ नाही, पण मी लिहिणारी आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून आमच्या तालुक्यातल्या जात्यावरच्या ओव्या आणि जुने शब्द एका विकीवर घालते आहे. पुतण्याने बसवून दिलाय, डोकुविकी.

तुम्ही दोघंही ज्याच्या गळ्यात सर्व्हर पडतो त्याची काळजी करताय. लिहिणाऱ्याचं काय? मला तारांकनं आणि बरोबरची चिन्हं शिकायला आठवडा लागला. शिकले. पण माझ्या दोन मैत्रिणींनी पहिल्याच दिवशी सोडून दिलं, आणि त्यांच्याकडे माझ्यापेक्षा जास्त ओव्या आहेत. सह्यसर्व्हर म्हणतात ते बटणांचं संपादन असतं तर त्या राहिल्या असत्या असं मला वाटतं.

दुसरं, शोध. मी "जातं" शोधते आणि "जात्यावर" असलेलं पान येत नाही. आपल्या भाषेत शब्दाला प्रत्यय लागला की तो रूप बदलतो, आंब्याचा, पाण्याला, जात्यावर. यंत्र शब्द जसाच्या तसा शोधतं. मी आता प्रत्येक पानाच्या तळाशी शब्दाची मूळ रूपं हाताने लिहिते. याला कोणाकडे उपाय असेल तर सांगा.

सह्यसर्व्हर

माई, तुम्ही करताय तोच आजघडीला सगळ्यात भरवशाचा उपाय आहे. मीडियाविकीचा साधा शोधही याबाबतीत फार वेगळा नाही. मोठं शोधयंत्र जोडता येतं, पण ते इलास्टिकसर्च हे जड सॉफ्टवेअर मागतं आणि 1 जीबीच्या सर्व्हरवर ते उभंही राहणार नाही. एक सोय मात्र आहे: मीडियाविकीत पुनर्निर्देशनं करता येतात. "जात्यावर" या नावाचं रिकामं पान "जातं"कडे वळवायचं, वाचणारा आपोआप पोचतो.

रात्रपाळी

पोटापाण्यासाठी सर्व्हर सांभाळतो, म्हणून दोघांनाही सांगतो. तुमचा वाद सॉफ्टवेअरवर चाललाय, घात बहुतेक वेळा दाराशी होतो.

डोकुविकीवाल्यांनी आत्ता उठून एक गोष्ट तपासा. त्याचे डेटा आणि कॉन्फ फोल्डर वेबच्याच आवारात असतात, आणि ते बाहेरून दिसू नयेत म्हणून सोबत एचटीॲक्सेस नावाच्या मनाईच्या फाइली येतात. अपॅची हा वेबसर्व्हर त्या वाचतो, अर्थात तशी परवानगी दिली असेल तरच. एन्जिनएक्स हा दुसरा वेबसर्व्हर त्या वाचतच नाही. लोक अपॅचीसाठीची माहिती वाचून एन्जिनएक्सवर बसवतात, विकी झकास चालतो, आणि अगदी ॲक्सेस कंट्रोलने (कोणाला काय दिसावं हे ठरवणाऱ्या सोयीने) बंद ठेवलेली पानंसुद्धा डेटाच्या पत्त्यावरून थेट उघडी पडतात. ब्राउझरमध्ये आपल्या पत्त्यापुढे डेटा, पेजेस, विकी आणि शेवटी डोकुविकी डॉट टीएक्सटी असा मार्ग टाकून बघा. मजकूर दिसला तर दार सताड उघडं आहे. एन्जिनएक्सच्या सेटिंगमध्ये त्या फोल्डरांना मनाई करणारी ओळ स्वतः लिहावी लागते. जमलं तर डेटा फोल्डर आवाराच्या बाहेरच हलवा.

मीडियाविकीवाल्यांनो, तुमच्याकडे मूळ सेटिंगमध्ये कोणीही येऊन लिहू शकतो आणि खातं उघडू शकतो. पाण्याच्या टाक्यांच्या विकीवर महिन्याभरात जुगाराच्या जाहिराती दिसतील. लोकलसेटिंग्जमध्ये अनोळखी माणसाचं संपादन बंद करा. नवीन खाती चालू ठेवायची असतील तर सोबत येणाऱ्या कन्फर्मएडिटमधला प्रश्नांचा कॅप्चा लावा आणि प्रश्न मराठीत, आपल्या मुलखातले विचारा. "कळसूबाईच्या पायथ्याचं गाव कोणतं?" उत्तर बारी, देवनागरीत आणि रोमनमध्ये दोन्ही मान्य करा. बेरीज-वजाबाकीचा कॅप्चा बॉट चुटकीसरशी सोडवतात. इमेजेस फोल्डरात पीएचपी चालणार नाही अशी सोय करा, ती तर आजच.

आणि नवा ताप म्हणजे एआयसाठी मजकूर गोळा करणारे बॉट. विकिमीडियाने एप्रिल 2025 मध्ये सांगितलं की जानेवारी 2024 पासून चित्रं-ध्वनिफितींसाठीची त्यांची बँडविड्थ 50 टक्क्यांनी वाढली, मुख्यतः अशा बॉटांमुळे. त्यांच्यासारख्या दांडग्या संस्थेची ही कथा, तर 1 जीबीच्या सर्व्हरचं काय होत असेल! बॉट प्रत्येक पानाचा इतिहास आणि दोन आवृत्त्यांमधला प्रत्येक फरक उघडत सुटतात आणि प्रोसेसर बसतो. मीडियाविकीत पानांचा पत्ता विकी या मार्गाखाली आणि इतिहास व फरक दाखवणारी स्क्रिप्ट डब्ल्यू या मार्गाखाली ठेवा, मग बॉटांना नियम सांगणाऱ्या रोबोट्स फाइलीत डब्ल्यूला एका ओळीत मनाई करता येते. नियम न पाळणाऱ्यांसाठी एन्जिनएक्समध्ये विनंत्यांचा वेग बांधून द्या.

घाटपायरी

रात्रपाळी यांच्या प्रतिसादाला +1. आमच्या सोसायटीच्या विकीचं डोमेन एका माणसाच्या वैयक्तिक मेलवर होतं, त्यांचं निधन झालं, स्मरणपत्रं त्या मेलवर येत राहिली आणि नाव गेलं. डोमेन, सर्व्हर आणि मेल, तिन्हीच्या चाव्या दोघांकडे असू द्या.

कातळटाकं

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद वाचून हात थंड पडले. आमचा एन्जिनएक्सच आहे. तो पत्ता टाकून पाहिला आणि मजकूर समोर आला. दोन महिने हे असं उघडं होतं. मनाईची ओळ घातली, एन्जिनएक्स पुन्हा लोड केला, आता 403, म्हणजे मनाईचा संदेश, येतोय. सगळ्यांचे पासवर्डही बदलायला लावतोय. मनापासून आभार.

डोकुविकी सोडत नाही. मागच्या आठवड्यात गटातल्या एका मुलीला, जिने आयुष्यात सर्व्हरला हात लावला नव्हता, दोन फोल्डर दिले आणि एका कागदावर सात ओळी. चहा गार व्हायच्या आत तिच्या लॅपटॉपवर विकी उभा राहिला, फोटोंसकट. मीडियाविकीत हे जमत नाही असं मी म्हणत नाही. पण माझ्यानंतर ते तिने एकटीने करायचं आहे आणि कागद सात ओळींचाच राहायला हवा आहे. माईंच्या मैत्रिणींचा मुद्दा मात्र मनात रुतलाय. डोकुविकीला बटणांच्या संपादनाचं प्लगइन आहे, ते या महिन्यात लावून माईंना दाखवतो. टाक्यांच्या जागा ओपनस्ट्रीटमॅपवर टाकायला सुरुवात करतोय, पानावर तिकडचा दुवा.

सह्यसर्व्हर

माझं मत बदललेलं नाही. तुमची पानं वाढली, गडांचे तक्ते एकमेकांना जोडावेसे वाटले, साचे लागले, की मीडियाविकीची आठवण होईल, आणि तेव्हा इकडून तिकडे हलवणं सोपं नसेल. आज चार पायऱ्या जास्त चढलेल्या बऱ्या.

बाकी त्या रिकाम्या चौकटी डोक्यातून जात नाहीत. मी 2017 च्या जानेवारीत कुलंगला होतो, टाक्यांच्या रांगेतल्या प्रत्येक टाक्याचा फोटो काढलेला आहे, मूळ आकारात, तारखेसकट. व्यनि (खासगी संदेश) केलाय. कोणत्या फोल्डरात टाकायचे तेवढं सांगा.