आधी मोजू तर दे
सहावी-सातवीतच अणुरचना आणि पेशीअंगकं (पेशीच्या आतले छोटे भाग) शिकवावीत, असं काहीजण म्हणतात; मला ते फारसं पटत नाही. ती नावं काय, नववीतही पाठ होतील. आधी मोजणं यायला हवं. दोऱ्याला नट बांधून लंबक करा. लांबी २५ सेंटिमीटर असेल तर एक पूर्ण झोका (जाऊन परत येणं) साधारण १ सेकंदाचा. जड नट लावला तरी वेळ तोच, हे मुलांना खरंच वाटत नाही (मोठ्यांनाही!). लांबी १ मीटर केली की २ सेकंद, म्हणजे लांबी चौपट पण वेळ दुप्पटच. एकच झोका मोजला तर घड्याळ दाबण्यातच गडबड होते. मग कुणीतरी म्हणतं, दहा झोके मोजून दहाने भागूया की!