मदत हवी आहे: सॅन स्टॉर्मसाठी इंजिन ऑइल १५डब्ल्यू-५० की १०डब्ल्यू-४०?

मंडळी, गाडी गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म, इंजिन रेनॉचं ११४९ सीसी. सध्या १०डब्ल्यू-४० सेमी-सिंथेटिक आहे. मे महिन्यात आंबा घाट चढून वर थांबलं की आयडलला ऑइल प्रेशर १० पीएसआयवर येतं. ३००० आरपीएमला ३५ मिळतं. सेंडर (प्रेशरचा सेन्सर) काढून तिथे थेट मेकॅनिकल गेज लावून पाहिलंय, आकडे तेच.

रत्नागिरीत थंडी ती कसली! त्यामुळे 'डब्ल्यू'आधीच्या, म्हणजे थंडीत तेल किती पातळ राहतं त्या आकड्याची काळजी नाही. प्रश्न मागच्या, म्हणजे गरम तेलाच्या घट्टपणाच्या आकड्याचा. १०० अंश सेल्सिअसला ४० ग्रेड १२.५ ते १६.३ सेंटीस्टोक (घट्टपणाचं एकक), ५० ग्रेड १६.३ ते २१.९. म्हणजे गरम तेलाची फिल्म जाड होईल, पण रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडणारी झडप) लवकर उघडून गेज नुसतंच छान दिसायचं आणि बेअरिंगला तेल जास्त मिळायचं नाही, अशी शंका आहे.

गॅरेजवाले सरळ २०डब्ल्यू-५० मिनरल घाला म्हणतात. पण गाडी बहुतेक वेळा बाजारापुरतीच फिरते, तेल पुरतं तापत नाही. पावसाळ्यात फिलर कॅपखाली पांढरट साय धरते. कूलंट मात्र कमी होत नाही, म्हणजे ते तेलात मिसळत नसावं.

हे इंजिन वापरणाऱ्यांनी सांगा: १५डब्ल्यू-५० सिंथेटिक चालेल का? की आधी संप (तळाची तेलाची टाकी) उतरवून पिकअपची (तेल ओढणाऱ्या नळीची) जाळी आणि बिग-एंड (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या) बेअरिंगचा क्लिअरन्स प्लास्टिगेजने (फट मोजायच्या प्लास्टिकच्या दोऱ्याने) तपासू? आणि तेल सहा महिन्यांनी बदलावं की किलोमीटर बघून?