ठाणं सोडतोय, ४० लाखांत राज्यात कुठे घर घ्यावं? सल्ला हवा

पारिजात
नमस्कार मंडळी. आम्ही ठाण्यात भाड्याने राहतो. घरमालकांना जागा त्यांच्या मुलासाठी हवी आहे, त्यामुळे दिवाळीनंतर हलायचंच आहे. सामान बांधायचंच तर थेट स्वतःच्या घरात जावं, असं दोघांनाही वाटतंय. कर्ज धरून ४० लाखांपर्यंत झेपेल. तेवढ्यात ठाण्यात मनासारखं काही मिळत नाही, म्हणून महाराष्ट्रात कुठेही जायची तयारी ठेवली आहे.

घरात आम्ही दोघं, चौथीतली मुलगी आणि सासूबाई. माझं काम घरून चालतं, महिन्यातून दोनदा मुंबईच्या ऑफिसात जावं लागतं. ह्यांची नोकरी औषध कंपनीत विक्रीची, बदली मागता येते. सासूबाईंची अँजिओप्लास्टी झाली आहे आणि त्यांना मधुमेह आहे, म्हणून हृदयाचे डॉक्टर अर्ध्या तासात हवेत. मुलगी मराठी माध्यमात शिकते, तिला त्याच माध्यमात ठेवायचंय. गाडी नाही, स्कूटर आहे.

डोक्यात बदलापूर-कर्जत, नाशिक, छत्रपती संभाजीनगर आणि सांगली-मिरज ही नावं आहेत. तिथे राहणाऱ्यांनी रोजचं जगणं कसं आहे ते सांगावं. जाहिराती वाचून झाल्या आहेत.

भिवपुरी_लोकल
ताई, बदलापूर-कर्जत पट्ट्यात घराचा भाव लोकलमुळे ठरतो. स्टेशनपासून चालत पाच मिनिटं आणि रिक्षाने वीस मिनिटं, यात लाखांचा फरक पडतो. रोज मुंबईला जाणाऱ्याला तो परवडतो. तुम्हाला महिन्यातून दोनदाच जायचंय, मग न वापरलेल्या लोकलचे पैसे तुम्ही का मोजावेत? शिवाय दुखणं जरा मोठं असलं की इथली माणसं अजूनही कल्याण-ठाण्याकडेच धावतात. सासूबाईंच्या दुखण्याबद्दल वाचून मी तरी हो म्हणणार नाही.

तरीही बघायचं असेल तर उल्हास नदीची पूररेषा आधी बघा. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली होती, आठवत असेल. त्याच बाजूला आज नव्या इमारती उभ्या आहेत.

गोदाकाठ
नाशिक घ्या, असं मनापासून सांगेन. गंगापूर धरणामुळे पाण्याची ददात इतर शहरांइतकी नाही, हवा चांगली, दवाखाने भरपूर. मुंबईसाठी पंचवटी एक्सप्रेस आहे, सकाळी जाऊन रात्री घरी येता येतं. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाटाचा त्रासही पुष्कळ कमी झालाय.

पण दोन गोष्टी. नाशिकरोड स्टेशन गावापासून आठ-दहा किलोमीटर लांब आहे. गंगापूर रोडला घर घेऊन पहाटेची गाडी पकडायची म्हणजे रोजची पळापळ, तुम्हाला दोनदाच जायचंय म्हणून चालून जाईल. दुसरं म्हणजे भाव. कॉलेज रोड, गंगापूर रोड तुमच्या पैशांत विसरा. पाथर्डी फाटा, आडगाव, नाशिकरोडकडचा जेलरोड इथे शोधा, मिळेल. २०२७ च्या सिंहस्थासाठी सगळीकडे रस्ते खोदलेत, तेव्हा आत्ता बघायला आलात तर धुळीवरून शहराबद्दल मत बनवू नका.

पारिजात
धन्यवाद दोघांनाही. न वापरलेल्या लोकलचे पैसे हा मुद्दा ह्यांनाही वाचून दाखवला. संभाजीनगरबद्दल कुणी सांगेल का? तिथे याच पैशांत बंगलेवजा घरं दिसतायत.

पैठणगेट
मी इथलाच. शहरावर माझा जीव आहे म्हणूनच स्पष्ट लिहितो. बंगलेवजा घर स्वस्त दिसतं त्याचं पहिलं कारण पाणी. जायकवाडी आमच्यापासून पन्नासेक किलोमीटरवर, राज्यातल्या सगळ्यात मोठ्या धरणांपैकी एक, आणि तरी आमच्या नळाला वर्षानुवर्षं आठवड्यातून एखाद्या वेळीच पाणी येत आलंय. धरण भरलेलं असताना सुद्धा. जलवाहिनी जुनी, शहर चौपट वाढलेलं. नव्या जलवाहिनीचं मोठं काम झालं आहे, पण तुमच्या गल्लीत किती दिवसाआड पाणी येतं ते गल्लीतच विचारा. बिल्डरला विचारू नका, शेजारच्या जुन्या इमारतीतल्या बाईंना विचारा. हौद केवढा, बोअर उन्हाळ्यात टिकतो का, एप्रिल-मेमध्ये टँकर किती लागतात आणि त्याची वर्गणी महिना किती पडते, हे चार प्रश्न विचारले की स्वस्त घराची खरी किंमत कळते.

सातारा परिसर आणि बीड बायपासकडे घरं छान आहेत, पण टँकरचा खर्च कर्जाच्या हप्त्यात मिळवून मगच नाशिकशी तुलना करा. दुसरं कारण गुंठेवारी. शेतजमिनीचे गुंठा-गुंठा तुकडे पाडून विकलेले प्लॉट. ते नियमित झालेले नसतील तर सरकारी बँक कर्जाला हात लावत नाही.

दवाखान्यांच्या बाबतीत मात्र निर्धास्त राहा. मराठवाड्यातले रुग्ण इथेच येतात, हृदयाचे डॉक्टर सिडकोपासून दहा मिनिटांत भेटतील.

सोलापुरी_चादर
आमच्या सोलापुरातही तेच हो. घर स्वस्त, माणसं प्रेमळ, मुंबईला वंदे भारत आहे फेब्रुवारी २०२३ पासून. पण नळाला चार-पाच दिवसांनी पाणी. ज्यांचं सगळं आयुष्य इथे गेलं ते साठवून भागवतात. ठाण्याहून येणाऱ्या घराला, त्यातून आजारी माणूस असताना, जड जाईल.

कृष्णाकाठचा
मी मिरजेचा, लग्नानंतर विश्रामबागला राहायला आलो. तुमचं सगळं वाचून वाटलं की तुमचं घर इथेच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

दवाखान्यांपासून सुरुवात करतो. मिरज हे वैद्यकीय गाव आहे आणि ते गेल्या दहा-वीस वर्षांत झालेलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी डॉ. वानलेस यांनी इथे मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून कर्नाटकातून, कोकणातून लोक उपचाराला येतात. १९६२ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. आज एवढ्याशा गावात हृदयाची खासगी रुग्णालयंही आहेत आणि विश्रामबागहून तिथे स्कूटरने पंधरा-वीस मिनिटांत पोचता येतं. ज्या घरात अँजिओप्लास्टी झालेलं माणूस आहे त्या घराला मुंबईतही हे सहज मिळत नाही. तुमच्या मिस्टरांची नोकरी औषधांची, त्यांना तर इथे बदली मागायला कारण शोधावं लागणार नाही.

आता मुंबई. महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री बसलं की सकाळी मुंबईत, काम उरकून त्याच रात्री परतीला निघालं की सकाळी घरी. महिन्यातून दोनदा हे जमतं. रोजचं असतं तर मीच नाशिकला जा म्हटलं असतं.

आता पूर. याबद्दल कुणी गोड बोललं तर ऐकू नका. २००५, २०१९, २०२१, तिन्ही वेळा कृष्णेनं सांगली बुडवली. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी, २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. गावभाग, खणभाग, मारुती रोड सगळं पाण्यात. शामरावनगर सखल आहे, तिथे नुसत्या पावसानेही पाणी साचतं आणि म्हणूनच तिथे घरं स्वस्तात दाखवतात. तिकडे जाऊ नका, भाव कितीही पाडला तरी. विश्रामबाग, कुपवाडची चढाची बाजू आणि मिरजेतला वरचा भाग यावर लक्ष ठेवा. घर आवडलं की शेजारच्या दुकानदाराला एकच विचारा, २०१९ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं? प्रत्येकाला आठवतं, भिंतीवर हात लावून दाखवतील.

भाव म्हणाल तर विश्रामबाग आता स्वस्त राहिलेलं नाही, पण ४० लाखांत मध्यम दोन बेडरूम बसतात. थोडं जुनं घेतलंत तर आणखी बरं. आणि सासूबाईंना गाण्याची आवड असेल तर मिरजेत सतारमेकरांची गल्ली आहे, एका संध्याकाळी घेऊन या.

सेवाग्राम_रस्ता
यादीत नाही तरी सुचवतो, वर्धा. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय जवळ, नागपूर तास-सव्वा तासावर, गाव शांत. पण उन्हाळा ४५ अंशांवर जातो आणि मुंबई फार लांब.

पारिजात
वर्धा मुंबईमुळे सोडावं लागेल, पण वाचून छान वाटलं. कृष्णाकाठचा, तुमचे फार आभार, ह्यांनी आजच वरिष्ठांकडे सांगलीची चौकशी केली. विश्रामबागला मराठी माध्यमाच्या शाळा चांगल्या चालतात का? आमच्या इथल्या शाळेत वर्ग रिकामे होत चाललेत, म्हणून विचारते.

कृष्णाकाठचा
चालतात. वालचंद आणि विलिंग्डन ही दोन्ही कॉलेजं विश्रामबागलाच असल्याने तो भाग पहिल्यापासून शिक्षणाचा. माझी दोन्ही मुलं मराठी माध्यमातच आहेत, वर्गात मुलं भरपूर आहेत. पाचवीचा प्रवेश जूनच्या आधी मिळवा, मार्चमध्येच येऊन शाळा बघून जा.

दस्तनोंदणी
घर कुठेही घ्या, एवढं करा. बांधकाम चालू असेल तर महारेराच्या (गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण) संकेतस्थळावर प्रकल्प क्रमांक टाकून ताबा कधीचा लिहिलाय ते बघा. तयार असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला मागा, ते मिळालेल्या घरावर जीएसटी लागत नाही. घर फक्त तुमच्या एकटीच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, ४० लाखांवर ४० हजार वाचतात. नोंदणी शुल्क एक टक्का, पण ३० हजारांच्या वर जात नाही.

आणि पारिजातताई, थेट खरेदीची घाई करू नका. निवडलेल्या भागात आधी अकरा महिने भाड्याने राहा, कराराची नोंदणी करून. एक पावसाळा आणि एक उन्हाळा त्यात येतो. सांगलीत भाडं ठाण्याच्या मानाने कमीच पडेल, अकरा महिन्यांत त्यातून थोडी शिल्लकही पडेल.

पारिजात
हे सासूबाईंना सगळ्यात पटलं. मार्चमध्ये शाळा आणि भाड्याचं घर एकदमच बघायला येतो. कृष्णाकाठचा, विश्रामबागला भाड्याच्या जागेसाठी पाटी लावतात की ओळखीतून मिळतात? तळमजला हवाय, जिना चढणं त्यांना जमत नाही.

कृष्णाकाठचा
बहुतेक ओळखीतूनच. व्यक्तिगत संदेश पाठवतो. आमच्या मागच्या गल्लीत तळमजला रिकामा होतोय, २०१९ ला तिथे पाणी आलं नव्हतं.