तासाभरात गुण येणारं ‘शुद्ध आयुर्वेदिक’ चूर्ण चालू ठेवावं का?

कृष्णाकाठ:
वय ५४. मधुमेह जुना आहे, बीपीची गोळी चालू आहे. दीड-दोन वर्षांपासून ताठरता येते पण टिकत नाही. सौ. काही बोलत नाही, पण रात्री मीच आधी झोपल्याचं दाखवतो. आमचे डॉक्टर वडिलांपासूनचे, त्यांच्यापुढे हा विषय काढवत नाही. मित्राने एक चूर्ण दिलंय. पाकिटावर अश्वगंधा, शिलाजीत, सफेद मुसळी एवढंच लिहिलंय. दुधातून घेतलं की तासाभरात खरंच फरक पडतो. डोकं मात्र जड होतं, चेहरा तापतो, नाक चोंदतं. वनस्पतीच आहेत तर घेत राहायला हरकत नाही ना?

मेडिकलवाला_कराड:
दादा, ते चूर्ण आजपासून घेऊ नका. अश्वगंधा काय, मुसळी काय, तासाभरात असा गुण देत नाहीत. तासात गुण आणि वर डोकं जड, चेहरा लाल, नाक बंद, ही सिल्डेनाफिलची, म्हणजे व्हायग्रातल्या औषधाची लक्षणं आहेत. ‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात ते गुपचूप मिसळल्याचं तपासण्यांत वारंवार सापडलंय. किती मिसळलंय, ते पाकिटावर कधीच नसतं.

औषध म्हणून सिल्डेनाफिल वाईट नाही, १९९८ पासून डॉक्टर ते लिहून देतात. माझी भीती वेगळी आहे. तुम्हाला मधुमेह आणि बीपी दोन्ही. उद्या छातीत दुखलं आणि कुणी जिभेखाली सॉर्बिट्रेट, म्हणजे हृदयाच्या दुखण्यावरची गोळी ठेवली, तर ती आणि सिल्डेनाफिल मिळून रक्तदाब एकदम कोसळतो. जीव जाऊ शकतो. आणि डॉक्टरांनी विचारलं तर तुम्ही मनापासून सांगणार, ‘मी फक्त आयुर्वेदिक घेतो.’

सातारची_माई:
आमच्या घरीही हेच होतं. डॉक्टर म्हणाले, तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, म्हणून बिघाड तिथे आधी कळतो. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी), कोलेस्टेरॉल, ईसीजी सगळं केलं. यांनी तंबाखू सोडली, रोज चालू लागले. लघवी अडवताना जे स्नायू आवळतो त्यांचा व्यायामही शिकवला, योगवर्गातल्या मूलबंधासारखाच. काही महिने नेटाने केला तेव्हा फरक पडला.

भाऊ, एक सांगू? तुम्ही झोपल्याचं दाखवता तेव्हा वहिनींना वाटत असेल, आपण नकोशा झालो. मला तसंच वाटायचं. त्यांच्याशी बोला.

कृष्णाकाठ:
माई, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. आज बोलतो. मेडिकलवाले, नुसती अश्वगंधा घेतली तर? बीपीच्या गोळीमुळे होत असेल तर ती बंद करू का?

मेडिकलवाला_कराड:
बीपीची गोळी मनाने बंद करू नका. काही गोळ्यांनी असा त्रास होतो, पण बदलून द्यायचं काम डॉक्टरांचं. अश्वगंधेने साखर खाली येऊ शकते, थायरॉइड बिघडू शकतं, यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. घ्यायचीच तर पदवीधर वैद्यांना आधी सगळ्या गोळ्या दाखवा. घरच्या डॉक्टरांपुढे संकोच वाटतो तर कोल्हापूरला एखाद्या युरॉलॉजिस्टकडे जा. ते पाकीट फेकू नका, सोबत न्या.