मदत हवी आहे: रोजच्या वापराला पोर्शे ९११ झेपेल का?

मंडळी, बाणेर ते हिंजवडी रोजची जा-ये आहे. वापरलेली ९११ करेरा एस (९९२ पिढीची) घ्यायचं जवळपास ठरलंय, पण पार्किंग एकाच गाडीचं. त्यामुळे "रविवारी काढा, एरवी दुसरी वापरा" हा सल्ला कृपया नको.

इंजिनाची चिंता नाही. ४५० अश्वशक्ती असली तरी आठ गिअरचा पीडीके (पोर्शेचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) ट्रॅफिकमध्ये निमूट चालतो, टेस्ट ड्राइव्हला पाहिलं. धास्ती आहे ती गाडीच्या पोटाची. आमच्या सोसायटीचा रॅम्प तळाशी जिथे सपाट होतो तिथे साध्या सेडानसुद्धा घासतात, सिमेंटवर रेघोट्याच उमटल्यात. नाक साधारण ४० मिमी उचलणारी फ्रंट लिफ्ट असलेलीच गाडी शोधू का? लिफ्ट नसलेली बरीच स्वस्त मिळतेय. विकणारा म्हणतो, "तिरकी घ्या सर, काही होत नाही." त्याचं काय जातंय!

दुसरं म्हणजे टायर. मागे ३०५/३०, २१ इंची, म्हणजे रुंद पण बाजूची रबरी भिंत (साइडवॉल) बुटकी. खड्ड्यात साइडवॉल फुगली की टायरच बदलायचा, आणि स्टेपनी नसतेच. पावसाळ्यात काय करता? एक इंच लहान रिम घालून कुणी चालवलीय का? ई२० (२० टक्के इथेनॉलवाल्या) पेट्रोलचा काही त्रास?

आणि मागची सीट. सात वर्षांची मुलगी दप्तरासकट अजून किती वर्षं मावेल? ज्यांच्याकडे आहे त्यांनीच सांगा.